थ्रेडिंगला परवाना नको, वॅक्सला हवा: टेक्सासला येणाऱ्या एका ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापुरात अकरा वर्षं स्वतःचं पार्लर चालवलंत, आता यजमानांच्या नोकरीमुळे दोन महिन्यांत डॅलसजवळ फ्रिस्कोला येताय. तिकडची एक ओळखीची म्हणते, "थ्रेडिंगला लायसन्स लागत नाही, घरीच सुरू कर." दुसरी म्हणते, "हजार तास शाळेत बसल्याशिवाय इथे कात्रीला हात लावता येत नाही." खरं कोणाचं, आपला डिप्लोमा तिथे चालतो का, घरातल्या खोलीत काम करता येईल का, आणि जाता जाता, वॅक्स हीटर सोबत आणू का.

दोघींचंही खरं आहे. फक्त एक बोलतेय दोऱ्याबद्दल आणि दुसरी बोलतेय केसांबद्दल. तुम्ही मात्र विचारताय 'पार्लर'बद्दल, आणि खरी गोची तिथेच आहे. इथल्या कायद्याला 'पार्लर' नावाचं एक काम माहीतच नाही. त्याला सुटी सुटी कामं दिसतात: थ्रेडिंग वेगळं, वॅक्स वेगळं, नखं वेगळी, केस वेगळे, मालिश वेगळी.

मी सांगलीची. २००६ साली एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, इथे आले. जुलै २००७ मध्ये ग्रीन कार्डाच्या तारखा अचानक सगळ्यांसाठी खुल्या झाल्या आणि लोकांनी रांगा लावून अर्ज भरले, त्यात आमचाही होता. त्यातून काम करायची परवानगी मिळाली. दोन वर्षं मॉलमधल्या काउंटरवर फक्त भुवया केल्या, मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एस्थेटिशियनचा, म्हणजे त्वचेच्या कामाचा, परवाना काढला. आज माझं चार खुर्च्यांचं छोटं सलॉन आहे. मी वकील नाही. खाली जे व्हिसाचं लिहिते आहे, ते वकिलाला विचारून पक्कं करा. कामाचं जे लिहिते आहे, ते मी केलेलं आहे.

व्हिसाचं आधी उरकते, कारण तिथे चुकलात तर पुढचं सगळं फुकट. काम करण्याची परवानगी देतं केंद्र सरकार. परवाना देतं राज्य. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. टेक्सासचा परवाना भिंतीवर लावला म्हणजे कमावण्याचा हक्क मिळाला, असं होत नाही. एच-फोरवर असलेल्या जोडीदाराला २६ मे २०१५ पासून ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, मिळू शकतं, पण सगळ्यांना नाही. यजमानांसाठी कंपनीने भरलेला ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो किंवा त्यांचा एच-वन हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांपुढे वाढवलेला असावा लागतो. कार्ड हातात नसेल तर शेजारणीच्या भुवया करून दहा डॉलर घेणंही बेकायदा काम ठरतं, मग त्या कामाला राज्याचा परवाना लागो वा न लागो. "रोख घेतलं तर कोणाला कळतंय" असं सांगणाऱ्या बायका तुम्हाला पहिल्या हळदीकुंकवालाच भेटतील. ग्रीन कार्डाच्या अर्जात अडचण आली तर निस्तरायला त्यातली एकही येणार नाही. एच-फोरवर शिकायला मात्र मुभा आहे. म्हणून कार्ड यायचं असेल तर तो काळ शाळेत घालवा, असं मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

आता राज्याचं. आपल्याकडे पार्लर काढताना काय लागतं ते आठवा. शॉप ॲक्ट. २०१७ च्या नव्या कायद्यानंतर माणसं थोडीच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती घ्यायची, की झालं. तो कागद दुकानाचा. तुमच्या हाताला काय येतं, तुम्ही कुठे शिकलात, हे त्यात कोणी विचारत नाही. शिकणं हे गिऱ्हाइकाला दाखवायला, भिंतीवर फ्रेममध्ये. इथे उलट आहे. दुकानाचा कागद लागतोच, पण त्याआधी तुमच्या हाताचा कागद लागतो, आणि त्यावर कोणकोणती कामं करायची तेही ठरलेलं असतं.

हे विचित्र वाटतं ना? पण एकदा आपल्याकडेही असं झालं होतं. करोनात महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून पार्लर-सलून उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा सरकारने कामांची यादीच दिली होती: केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालेल, त्वचेची कामं चालणार नाहीत. माझी सांगलीतली मैत्रीण तेव्हा फोनवर चिडली होती, "अगं, वॅक्सिंग काय त्वचेवर होत नाही का?" तिचं बरोबरच होतं. पण कामाकामाप्रमाणे बघायची ती पद्धत इथे रोजची आहे, आणि तिच्यातल्या गमतीही तशाच आहेत.

तर टेक्सासमध्ये तुमचं सोलापूरचं दरपत्रक घेऊन बसू. भुवया, अप्पर लिप, हनुवटी, दोऱ्याने जे काही करता ते: परवाना नको. वॅक्स, फेशियल, क्लीनअप, ब्लीच: यासाठी एस्थेटिशियनचा परवाना, ७५० तासांचं शिक्षण. नखं, मॅनिक्युर, पेडिक्युर: मॅनिक्युरिस्ट, ६०० तास. फक्त पापण्यांची एक्स्टेन्शन्स लावायची असतील तर ३२० तास. केसांसकट सगळं करायचं असेल तर कॉस्मेटॉलॉजी ऑपरेटर, १००० तास. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचे हजार ते हेच. हा आकडा आधी जास्त होता, २०१९ च्या कायद्याने १५०० वरून १००० वर आला. अंगाची तेल मालिश यातल्या कशातच बसत नाही. तिला मसाज थेरपिस्टचा वेगळा परवाना आणि ५०० तास. बाळंतिणीला मालिश करणाऱ्या आपल्या बायका इथे सर्रास घरोघर जातात, त्यांना हे माहीत नसतं. लेझरने केस काढण्याचा कागद त्याहून निराळा.

मेंदीला कोणी अडवत नाही, पण काळी मेंदी आणू नका. इथलं अन्न व औषध प्रशासन मेंदीला केस रंगवण्यापुरतीच मान्यता देतं, आणि काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने लहान मुलीच्या हातावर उठलेले फोड मी पाहिले आहेत.

दोरा यातून सुटला कसा, हे सांगायला मला आवडतं, कारण ती लढाई आपल्याच लोकांनी लढली. मी मॉलमध्ये काम करायचे तेव्हा राज्याचं म्हणणं होतं, थ्रेडिंग म्हणजे केस काढणं, म्हणजे एस्थेटिशियनचं काम, म्हणजे ७५० तास. आमच्यासारख्या बायकांना प्रश्न पडायचा, शिकायचं काय? शाळेत दोरा शिकवतच नाहीत. मी पुढे ७५० तास पूर्ण केले, त्यात दोऱ्यावर एक तासही नव्हता. उलट आमच्या शिक्षिकेच्या भुवया मी करायचे. डिसेंबर २००९ मध्ये काही थ्रेडिंगवाल्यांनी राज्याच्या परवाना विभागावर दावा लावला. पटेल विरुद्ध टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसेन्सिंग अँड रेग्युलेशन. तो टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ जून २०१५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी आपल्या बाजूने लागला. न्यायालयाने हिशेबच मांडला: ७५० पैकी तब्बल ३२० तासांचा थ्रेडिंगशी काही संबंध नाही, इतका भार कष्टकऱ्यावर टाकणं घटनेत बसत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी विवाहाचा निकाल नेमका त्याच दिवशी आला, त्यामुळे आमची बातमी कोणी फारशी पाहिली नाही. आम्ही मात्र पेढे वाटले.

पण या निकालाचा अर्थ लोक ताणतात. सुटला तो दोरा. दोऱ्याने भुवया करता करता "ताई, अप्पर लिपला जरा वॅक्स लावा ना" असं गिऱ्हाईक म्हणालं आणि तुम्ही पट्टी उचललीत की संपलं. थ्रेडिंगच्या काउंटरवर वॅक्सचं भांडं गरम असेल आणि परवाना कोणाकडेच नसेल, तर तपासनीस आल्यावर मालकाबरोबर तुम्हीही अडकता. नोकरी धरायला जाल तेव्हा भिंतीकडे बघा. परवाने दर्शनी लावलेले नसतील तर चहा पिऊन परत या. माझ्या पहिल्या काउंटरवर मालक 'शिकाऊ' म्हणून तीन महिने फक्त गिऱ्हाइकामागे पैसे द्यायचा आणि टिप स्वतः ठेवायचा. मला नियम माहीत नव्हते, मी मुकाट घेतले.

आता डिप्लोम्याचं, आणि इथे उत्तर खरंच ज्याच्या त्याच्या कागदांवर अवलंबून आहे. दुसऱ्या राज्याचा किंवा देशाचा परवाना ग्राह्य धरण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. आपली अडचण अशी की भारतात ब्युटिशियनला सरकारी परवानाच नसतो. त्यामुळे अर्जाच्या त्या रकान्यात आपण काय लिहिणार? अकरा वर्षांचा अनुभव हा परवाना नव्हे, आणि खासगी अकादमीचं सोनेरी प्रमाणपत्रही नव्हे. तरी कागद टाकू नका. आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स केला असेल तर त्याचं गुणपत्रक आणा. सिडेस्को या आंतरराष्ट्रीय सौंदर्य-शिक्षण संस्थेचा डिप्लोमा असेल तर तो आणा, ते नाव इथल्या शाळांना ओळखीचं आहे. आणि निघण्यापूर्वी एक काम कराच: जिथे शिकलात तिथून इंग्रजीत, शिक्क्यासह, कोणत्या विषयाला किती तास दिले याचा तक्ता लिहून घ्या. 'सहा महिन्यांचा ॲडव्हान्स कोर्स' या शब्दांना इथे किंमत नाही. 'त्वचा: १२० तास, स्वच्छता: ४० तास' असं लिहिलेलं असेल तर निदान बोलणं तरी सुरू होतं. नंतर सोलापूरला फोन करून हे मिळवणं किती जिकिरीचं जातं, ते मला विचारा. माझी अकादमी तोवर बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं.

नाहीच धरले तास, तर ७५० म्हणजे आठवड्याला ३० तास गेलात तर २५ आठवडे. फी शाळेशाळेत खूप वेगळी असते. किट आणि पुस्तकं धरून किती, आणि कोर्स मध्येच सोडला तर परत काय मिळतं, हे लेखी घ्या. परीक्षेचं इंग्रजी बेताचं असेल तरी जमतं. स्पॅनिश, व्हिएतनामी बायकांना त्यांच्या भाषेत परीक्षा देता येते, मराठी-हिंदीत नाही, पण शब्द तेच तेच असतात, दोन महिन्यांत पाठ होतात.

खरी परीक्षा निराळीच आहे, आणि आपल्या अनुभवी बायका तिथेच पडतात. पहिल्या आठवड्यात आम्हाला वर्गात विचारलं, चिमटा निर्जंतुक कशाने कराल? मी मोठ्या ऐटीत म्हणाले, डेटॉल. सगळा वर्ग गप्प. इथे उत्तर असं असतं: आधी साबण-पाण्याने घासा, मग पर्यावरण संस्थेकडे नोंदलेल्या, जिवाणू-विषाणू-बुरशी तिन्ही मारणाऱ्या द्रावणात पूर्ण बुडवा, आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं पूर्ण होईपर्यंत काढू नका. न्हाव्याच्या दुकानात निळ्या पाण्याची बरणी दिसते ना, ते बार्बिसाइड. ३२ औंस पाण्यात २ औंस, १० मिनिटं. नऊ मिनिटं बुडवला तर तो चिमटा निर्जंतुक झाला असं मानत नाहीत. वॅक्सची लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की कचऱ्यात, परत भांड्यात नाही. आपण एका पट्टीने दोन पाय आणि वर काख करतो, ते विसरा. टाचा खरवडायचं ब्लेड टेक्सासमध्ये चालत नाही. माशांचं पेडिक्युर, आपल्या मॉलमध्ये होतं ते, इथे दहापेक्षा जास्त राज्यांत बंद आहे, कारण मासा दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये निर्जंतुक कसा करणार?

आणि दोरा दातात धरणं. मी पंधरा वर्षांची असल्यापासून तसंच केलं होतं. आता मानेत अडकवते. पहिले दोन आठवडे भुवया वाकड्या झाल्या, मग हात बसला. थ्रेडिंगला परवाना लागत नसला तरी हे बदलाच. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापासून चार बोटांवर आपली थुंकी लागलेला दोरा फिरतो, आणि इथल्या गिऱ्हाइकाला ते दिसतं.

हे नियम कोणी हौसेने लिहिले नाहीत. २००० साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एकाच नखांच्या दुकानात पेडिक्युर केलेल्या शंभराहून अधिक बायकांच्या पोटऱ्यांवर गळवं आली. महिनोन् महिने भरत नव्हती, व्रण राहिले. कारण सापडलं पायांच्या टबात: पाणी ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता आणि त्यात नळाच्या पाण्यातले मायकोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू वाढले होते. टब वरून चकचकीत दिसायचा. आणखी एक गोष्ट निघाली: ज्यांनी आधी पायांवर रेझर फिरवला होता, त्यांना धोका जास्त होता. म्हणून टबाची जाळी काढून धुणं, द्रावण फिरवणं, तारीख घालून वहीत लिहिणं हे सगळं आलं. हे कळल्यावर मी 'वॅक्स आणि पेडिक्युर एकाच दिवशी' हे पॅकेज बंद केलं. पैसे बुडाले, चालेल.

मग माझं मत काय? तास फार आहेत, चाचणी योग्य आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात शंभरातल्या पाचांपेक्षा कमी कामगारांना सरकारी परवाना लागायचा, २०१५ च्या व्हाइट हाउसच्या अहवालाप्रमाणे ते प्रमाण चौथ्या हिश्शाच्या वर गेलं होतं. यातला किती भाग गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आणि किती शाळांच्या धंद्यासाठी, यावर इथे कायम वाद असतो. माझ्या ७५० तासांतले दीडशे सोन्यासारखे होते. उरलेल्यांत मी पुतळ्याच्या तोंडाला क्रीम लावलं. पण ते दीडशे मिळाले नसते तर मी आजही डेटॉलच वापरत असते.

घरच्या खोलीचं थोडक्यात. नुसता दोरा असेल तर राज्याच्या परवाना विभागाचा प्रश्न येत नाही. उरतो शहराचा, आणि तुमच्या वसाहतीच्या असोसिएशनचा, जो बरेचदा जास्त तापदायक असतो. गल्लीत चार अनोळखी गाड्या उभ्या राहिल्या की पत्र येतं. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर करारात धंद्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. वॅक्स-फेशियल मात्र काही मोजके अपवाद सोडले तर परवाना असलेल्या जागेतच करायचं, म्हणजे हाताचा वेगळा आणि जागेचा वेगळा. मी सुरुवातीला एका सलॉनमध्ये आठवड्याच्या भाड्याने खोली घेतली होती, नवीन माणसाला तेच परवडतं.

हे सगळं टेक्सासचं. यजमानांची उद्या बदली झाली तर पाटी पुसून पुन्हा लिहावी लागते. कॅलिफोर्नियातही दोऱ्याला परवाना नको, एस्थेटिशियनला ६०० तास, आणि २०२२ पासून हाताची परीक्षा बंद, फक्त लेखी. न्यू यॉर्कमध्ये नुसत्या वॅक्ससाठी ७५ तासांचा वेगळा परवाना आहे, जो मला सगळ्यात शहाणा वाटतो. न्यू जर्सीत त्वचेच्या कामाला ६०० तास. इलिनॉयमध्ये घरगुती हिंसा ओळखायचं तासाभराचं शिक्षण घ्यावं लागतं, कारण बाई जे कोणाला सांगत नाही ते आपल्या खुर्चीत सांगते. ॲरिझोनाने २०१९ मध्ये दुसऱ्या राज्याचा परवाना मानायचं ठरवलं. म्हणून बाहेर जायची शक्यता असेल तर घेतलेल्या तासांचा दाखला शाळेकडून आधीच घेऊन ठेवा. आणि टेक्सासचा परवाना जिवंत ठेवायला दर दोन वर्षांनी चार तासांचं शिक्षण असतं, ते चुकवू नका.

राहिला हीटर. आणू नका. तो २३० व्होल्टचा, इथे भिंतीत १२० येतात. नुसता पिन बदलणारा ॲडॉप्टर लावलात तर जेमतेम पाव ताकदीने तापेल आणि वॅक्स गुळाच्या ढेपेसारखं राहील. त्या जागी दोऱ्याची रिळं आणा, निदान दोन डझन. इथे मिळतात, पण महाग, आणि तुमच्या बोटांना सवय असलेला पीळ मिळेलच असं नाही.

आल्यावर ईएडीचं काय झालं ते कळवा, मग कोणती शाळा ते बघू.